खालचा निरोप

चंद्रपूर-गडचिरोलीत एकटं असं काही वाहत नाही. इथलं पाणी वाळू घेऊन वाहतं, राखड घेऊन वाहतं, बांबूचा लगदा घेऊन वाहतं आणि अलीकडे लोखंडही घेऊन वाहतं. वाफ धावते तेव्हा तिच्या पोटात थेंब असतात; गरम पाणी धावतं तेव्हा त्याच्या पोटात वाफ असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदी जे घेऊन येते त्याला नुसतं पाणी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पाठ्यपुस्तकातलं पाणी मात्र एकटं असतं. स्वच्छ, शिस्तीचं, एका नळीतून एका वेगाने जाणारं. त्या पाण्यावर परीक्षा पास होता येतं. नोकरी या दुसऱ्या पाण्याशी करावी लागते.

माझी नोकरी त्यातल्याही एका चिंचोळ्या जागेशी होती. नळीत मुद्दाम अरुंद केलेली जागा, तिला कारखान्यात चोक म्हणतात. कधी ती एक जाड चकती असते आणि तिच्या मधोमध भोक. कधी चाक फिरवून कमीजास्त उघडणारी झडप असते. काम एकच, दाब खाणं. अलीकडे जास्त दाब, पलीकडे कमी, आणि मधून किती माल जाईल याचा हिशेब. पाणी एकटं असेल तर हा हिशेब सोपा आहे. बर्नुलीने 1738 मध्ये आणि व्हेंचुरीने 1797 मध्ये तो बराचसा मांडून ठेवला. मिश्रण आलं की तोच हिशेब रात्रीची झोप खातो.

आणि मिश्रणांची तर इथे चंगळ. दुर्गापूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 1980च्या दशकात सुरू झालं. आज त्याची क्षमता 2920 मेगावॉट आहे. आपल्या कोळशात राख भरपूर. 100 टन जाळला की 35 ते 40 टन राखड मागे उरते, आणि तिच्यातली बरीचशी पाण्यात कालवून नळीतून बंधाऱ्याकडे धाडायची वहिवाट. बल्लारपूरचा कागद कारखाना 1945चा. तिथल्या नळ्यांतून शिजलेल्या बांबूचा लगदा जातो. पाण्यात शंभरी तीन-चार तंतू असले तरी ते पाणी पाण्यासारखं वागणं सोडून देतं. तंतू एकमेकांत अडकतात आणि सगळा लगदा एकसंध होऊन सरकतो. वर्धा खोऱ्यातल्या जुन्या भूमिगत खाणींत कोळसा काढलेल्या पोकळ्या भरायला नदीची वाळू पाण्याबरोबर खाली सोडत. कोळसा वर आणायचा आणि त्याच्या जागी नदी खाली पाठवायची, असा तो व्यवहार.

या यादीत जुलै 2025 मध्ये नवी भर पडली. एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटर लांबीची नळी सुरू झाली. तिच्यातून सूरजागडच्या डोंगराचं लोहखनिज वाहतं. पिठासारखं बारीक दळलेलं, पाण्यात कालवलेलं. लांब पल्ल्याची अशी पहिली नळी टास्मानियात 1967 मध्ये झाली, तिची लांबीही जवळपास एवढीच. इंद्रावतीपलीकडच्या किरंदूलहून विशाखापट्टणमला जाणारी नळी 267 किलोमीटरची आहे. अशा काल्यात वजनाने 65 टक्के खनिज असलं, तरी जागेच्या हिशेबाने ते जेमतेम पाव हिस्सा व्यापतं, कारण हेमटाइट पाण्याच्या पाचपट जड. बादलीभर काला उचलायला गेलं तर दोन बादल्यांचं वजन हाताला लागतं. डोंगर पाणी होऊन चालला तरी त्याने आपलं वजन सोडलेलं नसतं.

राखडीच्या लाइनवरचा एक जुना फिटर मला नेहमी आठवतो. हातात पाना. नळीवर आधी वरच्या अंगाला एक ठोका द्यायचा, मग खालच्या अंगाला. वरचा ठोका खणकन वाजायचा आणि खालचा बद्द. ‘बसली साहेब,’ तो म्हणायचा, ‘चार बोटं बसली हाये. पंप बंद नका करू, नाहीतर उद्या अख्खी लाइन खोलाव लागन.’ मी कागद काढून वेग, कणांचा आकार, नळीचा व्यास लिहून घेईपर्यंत तो पुढच्या जोडाकडे गेलेला असायचा. तो जे कानाने करत होता त्याचं सूत्र दुराँ नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1950च्या दशकात मांडलं: अमुक वेगाच्या खाली गेलात की कण तळाशी बसू लागतात. कण बसले की वाट अरुंद होते, आणि मग नळी स्वतःच स्वतःचा चोक तयार करते. त्या चोकचा नकाशा कुणाकडे नसतो. त्यावर एकच उपाय, वेग टिकवणं. वेग फार वाढवावा तर राखड नळीचं लोखंड खाते. वळणावरच्या नळीला आतून बेसाल्टचं अस्तर द्यावं लागतं ते त्यासाठीच. थोडक्यात, मंद गेलं तर बुजते आणि जोरात गेलं तर झिजते. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी नोकरी.

गरम पाण्याचा स्वभाव आणखी वेगळा. वीज केंद्रात 180 अंशांचं पाणी असतं आणि ते पाणीच राहतं, कारण त्याच्यावर हवेच्या दहापट दाब असतो. हे पाणी चोकमधून साध्या दाबाला सोडलं की त्याला आपण इतकं तापलेले आहोत हे एकदम कळतं. 100 किलोंतलं सुमारे 15 किलो जागच्या जागी वाफ होतं. 15 म्हणजे थोडंच, असं वाटेल. पण ती वाफ इतकी जागा मागते की चोकच्या पलीकडे नळीत 99 टक्क्यांहून जास्त जागा तिचीच होते. वजनात पाणी बहुमतात, जागेत वाफ. वजनाचा हिशेब धरून पलीकडची नळी निवडली तर ती थरथरते, कर्करते आणि वळणावर फाटते. दोन्ही बाजू धरून निवडली तर शांत राहते. आपण कुठल्या मापाने मोजतो त्यावर कोण थोडं आणि कोण फार हे ठरतं, हे मला समाजशास्त्राच्या आधी त्या नळीने शिकवलं.

हे सगळं कागदावर मांडायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिलीत समजायचं की मिश्रण एकजीव आहे: पाणी आणि वाफ एकाच वेगाने जातात, एकाच तापमानाला असतात, आणि जी वाफ व्हायची ती लगेच होते. मांडायला देखणं, पण चोक आखूड असेल तर उत्तर कमी येतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त पाणी जातं. दुसऱ्या तऱ्हेत समजायचं की चोकमधून जायला लागतो तो क्षण इतका छोटा की कुणाला बदलायला सवडच मिळत नाही. पाणी पाणीच राहतं आणि वाफ तेवढीच राहते. यात उत्तर जास्त येतं. तिसरीत दोघांना वेगवेगळे वेग द्यायचे, कारण हलकी वाफ पुढे पळते आणि जड पाणी मागे रेंगाळतं. 1971 मध्ये हेन्री आणि फाउस्के यांनी अणुभट्ट्यांच्या सुरक्षेसाठी मधली वाट काढली: थोडी वाफ होते, थोडी व्हायची राहते. नळी फुटली तर भट्टीतलं पाणी किती वेगाने बाहेर जाईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला ‘सुंदर’ उत्तर चालत नाही, खरं लागतं.

या तिन्ही तऱ्हांच्या तळाशी एक गोष्ट आहे, आणि मला सांगायचंय ते तिच्याबद्दल.

नळीत एका टोकाला काही बदललं, समजा खाली कुणी झडप उघडली, तर वरच्या पाण्याला ते कळतं कसं? दाबाची एक बारीक लाट उलटी वर चढत जाते आणि सांगते, खाली वाट मोकळी झाली, सोडा अजून. तो निरोप आवाजाच्या वेगाने जातो. फिटरच्या ठोक्याचा भाऊबंदच तो. पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर, हवेत 340. मग पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळले तर? कुणीही म्हणेल, दोहोंच्या मधला काहीतरी. तसं होत नाही. पाण्यात फक्त 1 टक्का जागा बुडबुड्यांनी घेतली की वेग 1500 वरून शंभर-सव्वाशेवर येतो. अर्धं पाणी आणि अर्धी हवा झाली की उरतो सेकंदाला 20 ते 25 मीटर. ताशी 70 ते 90 किलोमीटर, म्हणजे मूलच्या मोकळ्या रस्त्यावर धावणारी एस.टी. वूड या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने 1930 मध्ये याचं सूत्र दिलं. कारण साधं आहे. मिश्रण पाण्याकडून जडपणा घेतं आणि हवेकडून मऊपणा. जड असल्यामुळे ते लवकर हलत नाही, मऊ असल्यामुळे धक्का पुढे ढकलत नाही. दोघांपैकी एकटं कुणी इतकं मंद नसतं. एकत्र आले की होतात.

आता चोककडे परत येऊ. अरुंद जागेत प्रवाहाचा वेग वाढतो. खालचा दाब कमी करत जावं तसा माल जास्त जास्त जाऊ लागतो, कारण खालचा निरोप वर पोचत असतो. मग एक क्षण येतो. चोकमधला प्रवाहाचा वेग निरोपाच्या वेगाइतका होतो. त्यानंतर खालून निघालेला निरोप चोकपाशी येऊन जागच्या जागी धावत राहतो. जितका वर चढतो तितकाच प्रवाह त्याला खाली आणतो. खाली दाब आणखी कमी करा, शून्यावर न्या, वरच्याला पत्ता नसतो. तो आपल्याच हिशेबाने, आपल्याच दाबाने सोडत राहतो. एकट्या हवेत हे घडायला सेकंदाला तीनशेहून जास्त मीटरचा वेग लागतो. मिश्रणात 20-25 मीटर पुरतात. म्हणजे मिश्रणाचा चोक फार लवकर बहिरा होतो.

तेलवाल्यांना हा बहिरेपणा हवाच असतो. मुंबई हायच्या विहिरींपासून कुठल्याही विहिरीपर्यंत तोंडाशी चोक बसवलेला असतो. तिथली माणसं त्याला बीन म्हणतात आणि त्याचं भोक इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. खाली गोळा करणाऱ्या टाकीत दाब हेलकावला तरी विहिरीला त्याचा त्रास होऊ नये, म्हणून बीन मुद्दाम बहिरी ठेवतात. गिल्बर्टने 1954 मध्ये कॅलिफोर्नियातल्या विहिरींवरून काढलेलं सूत्र अजून वापरात आहे. त्यात वरचा दाब आहे, तेलाची रोजची आवक आहे, तेलाबरोबर येणाऱ्या वायूचं प्रमाण आहे, भोकाचा आकार आहे. खालच्या दाबाला त्या सूत्रात जागाच नाही. पहिल्यांदा ते वाचताना मला वाटलं, छापताना एक अक्षर गळलं असावं. मग उमगलं की तेच त्या सूत्राचं सार आहे.

नद्या मात्र बहिऱ्या नसतात. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती भेटतात. पावसाळ्यात खाली इंद्रावती चढली की तिची बातमी पर्लकोटेला पोचते. पाणी मागे फुगतं, पुलावर चढतं आणि वर्षानुवर्षं भामरागडचा बाकी जिल्ह्याशी संबंध तुटत आला. तिकडे सिरोंच्यात गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्यात पाणी अडवलं जायचं तेव्हा त्याचा फुगवटा शेतकऱ्याच्या बांधापर्यंत यायचा. फुगवटा म्हणजे खालच्याने वरच्याला दिलेला निरोप. तो त्रासाचा असतो, पण पोचतो, कारण सपाटीवरची खोल नदी निरोपापेक्षा हळू चालते. तीच नदी एखाद्या तलावाच्या सांडव्यावरून पातळ होऊन घसरली की वेग निरोपाच्या पुढे जातो. मग सांडव्याखालच्या नाल्यात पाणी गुडघाभर आहे की कंबरभर, याची तलावाला फिकीर नसते. जिल्ह्यातले जुने मालगुजारी तलाव पाहताना मी दोन्ही गोष्टी एकाच पाळीवर पाहतो: एका बाजूला सगळं ऐकणारं पाणी, दुसऱ्या बाजूला काही न ऐकणारं.

हे गणित नळीपुरतंच ठेवावं, असं मी स्वतःला बरेचदा बजावलं. पण या दोन जिल्ह्यांत राहून ते जमत नाही.

इथून कोळसा जातो, वीज जाते, बांबू जातो, आता लोखंड जातं. निर्णय वर होतात आणि जोराने खाली येतात. ज्यांच्या दारात ते येऊन पडतात ती माणसं खालच्या अंगाला. त्यांचा निरोप वर जायचा तो कुठल्या वाटेने? भामरागड-एटापल्लीतलं म्हातारं माणूस आपलं म्हणणं माडियात सांगतं. कुणी शिकलेला पोरगा त्याचं मराठी करतो. कार्यालयातली मराठी ही आणखी निराळी. आणि मंत्रालयाच्या पुढे दिल्लीला जायचं तर इंग्रजी. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी. एकेका भाषेत निरोप झपकन जातो, गावात तर वाऱ्याच्या आधी पोचतो. मिश्रणात शिरला की तो कागदाचं वजन उचलतो, कुणीच नकार न देता पुढे ढकलण्याचा मऊपणाही उचलतो आणि जिथल्या तिथे रुतून बसतो. निर्णय काही फार वेगाने आलेला नसतो. ज्यांना सरकारी काम संथ वाटतं त्यांचंही खरंच आहे. पण निरोप त्याहून संथ असला की चोक बहिरा व्हायला तेवढं पुरतं.

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्याच डोंगरातल्या खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी 2022 मध्ये झाली ती गडचिरोलीला, जिल्ह्याच्या मुख्यालयात; खाणीलगतच्या गावांपासून शंभर किलोमीटरहून बरीच दूर. नियम पाळला गेला असेल. पण ज्याला भात कापायचाय त्याने तालुका ओलांडून आपलं म्हणणं मांडायला जावं, ही त्या निरोपाच्या वेगाबद्दलची माहिती आहे. नळी आल्याने आलापल्ली-आष्टी रस्त्यावरचे खनिजाचे ट्रक कमी होतील, धूळ बसेल, हे चांगलंच. तिथल्या लोकांनी त्या धुळीबद्दल किती आधीपासून सांगितलं होतं आणि उत्तर कधी आलं, हेही कुणीतरी मोजून ठेवायला हवं.

अभियांत्रिकीत यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. एका चोककडून सगळा दाब खायला लावायचा नाही. उतारावरच्या काल्याच्या नळीत जोर आवरायचा असतो तेव्हा चिनी मातीच्या कठीण अस्तराच्या चकत्या एकामागून एक बसवतात. प्रत्येकीने थोडा दाब खायचा, कुठेच वेग हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे चकती लवकर झिजत नाही. मला त्यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं: टप्पे पाडले की वेग कुठेच निरोपाच्या पुढे जात नाही, आणि तळाशी काय चाललंय ते माथ्यापर्यंत कळत राहतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हेच माणसांच्या बाबतीत करून दाखवलंय. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्यामागची रीत कमी लोकांना ठाऊक असते. तिथली ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाने जरी मान हलवली तरी विषय थांबतो, आणि लोक पुन्हा बसतात. शिवाय अभ्यासगट आहे. विषय ग्रामसभेपुढे यायच्या आधी तिथे चघळला जातो. बाहेरच्याला हे भलतंच संथ वाटतं. पण याच संथपणाने 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. आणि 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हाती आला. ज्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं गावाला न विचारता जात होता, त्याचा भाव आता गावाला विचारून ठरू लागला. सगळीकडे मेंढा होणार नाही, आणि तिथेही सगळं सुरळीत आहे असा दावा कुणी करू नये. पण प्रवाहाचा वेग ठरवताना निरोपाचा वेग आधी मोजायचा, हे तिथे चाललं.

गिल्बर्टचं सूत्र बरोबर आहे. त्यात खालच्या दाबाला जागा नाही, कारण त्या विहिरींवर चोक तसाच बसवलेला होता. कुणीतरी भोकाचा आकार निवडला होता आणि पलीकडे दाब किती ठेवायचा ते ठरवलं होतं. भोक मोठं केलं, दाबातला फरक कमी केला, की तेच सूत्र चुकीचं ठरतं आणि खालचा दाब हिशेबात घ्यावा लागतो. म्हणून एखाद्या योजनेच्या कागदांत खालच्यांचं काही येतच नाही असं दिसलं की मी त्या कागदांत चूक शोधत बसत नाही. ते कागद आपल्या जागी अचूक असतात. मी विचारतो, भोक कुणी एवढं ठेवलं, आणि ते बदलायचं चाक कुणाच्या हातात आहे.